ऑर्लकम मॅग्नाची आठवी उशी

रोज सकाळी दुकान उघडायच्या सुमाराला बेरिल सॅमवेज पूल ओलांडून आमच्या गावात यायची आणि वेशीवरच्या पाटीपाशी थांबायची. पाटी तिच्या छातीइतकी उंच, पांढऱ्यावर काळी अक्षरं: ऑर्लकम पार्वा. बेरिल उजव्या हातातली पिशवी डाव्या हातात घ्यायची आणि पाटीच्या माथ्यावर दोनदा थोपटायची. लहान मुलाच्या डोक्यावर थोपटतात तसं. मग चेहऱ्यावर काहीही न दाखवता दुकानात येऊन पेपर आणि दुधाची बाटली मागायची.

दुकानदार डेस्मंड ट्रेव्हेट खिडकीतून हे पाहत असायचा. ती पाटी म्हणजे काही तुझी नात नाही, असं तो तिला ऐकवायचा. बेरिल सुटे पैसे मोजता मोजता म्हणायची, "नात नसेल रे. धाकटी बहीण तर आहे."

मॅग्ना म्हणजे थोरलं आणि पार्वा म्हणजे धाकटं. मराठी मुलखात एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक आणि खुर्द लावतात, तसंच. तिकडे फारसीची शेपटं, इकडे लॅटिनची. शेकडो वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने सारा वसूल करताना घोळ नको म्हणून ती जोडली असतील आणि काम झाल्यावर विसरूनही गेला असेल. गावं विसरली नाहीत. लॅटिन दोन्हीकडे कुणालाच येत नव्हतं, पण मॅग्नाची माणसं चालताना हनुवटी जरा वर ठेवत आणि पार्वाची माणसं ती हनुवटी बघून हसत.

हसायला कारणही होतं. मोठा रस्ता ओढ्याच्या अलीकडून गेला आणि धाकटं वाढत सुटलं. शाळा आमच्याकडे, पब आमच्याकडे, दुकान, बसथांबा, नव्या घरांच्या दोन रांगा, सगळं आमच्याकडे. मॅग्नात उरलं होतं एक चर्च, हॅन्सफर्डची नुसत्या गाईंची डेअरी, आणि गल्लीच्या दोन्ही अंगांना विखुरलेली थोडी घरं. गवत मात्र थोरल्या गावाला शोभेल असं उंच होतं. बेरिल त्या गावात जन्मली, तिथल्याच चर्चमध्ये लेन सॅमवेजशी लग्न केलं आणि तिथेच त्याला पुरलं. मूल झालं नाही. वीसेक वर्षं ती पलीकडच्या बाजारगावात अंडी निवडायच्या कामाला होती. काळोख्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आतली सावली बघायची आणि चांगलं इकडे, वाईट तिकडे ठेवायचं. ते काम सुटल्यावरही माणसांकडे बघायची तिची तीच पद्धत राहिली. जरा उजेडाकडे धरून.

तिची सख्खी धाकटी बहीण आयव्ही आमच्या पार्वात दिली होती. धाकट्या बहिणीचं असतं तसं आयव्हीचं सगळं बेरिलकडून उतरून आलेलं: कोट, बूट, शाळेची दप्तरं, अगदी वर्गातली जागासुद्धा. मास्तरीण तिला वर्षभर बेरिलच्याच नावाने हाक मारायची. पर्सी गॉलपशी लग्न ठरलं तेव्हा आयव्हीने बहिणीला सांगितलं होतं, आता मी पार्वाची. तुझे जुने कपडे पुरे झाले आणि तुझं गावही पुरे झालं. हे माझं, नवंकोरं. पुढे चाळीस वर्षं ती पार्वासाठी इतक्या जोमाने भांडली की जन्माने पार्वाची असलेली आम्ही माणसं कधीकधी तिच्यापुढे ओशाळायचो.

आता त्या दगडाबद्दल सांगायला हवं.

युद्धाच्या आधीपर्यंत दर वसंतात दोन्ही गावं आपापली शीव चालायची. पाद्री पुढे, मागे हातात वाळुंजाच्या फोका घेतलेली माणसं, आणि प्रत्येक शिवेच्या दगडाशी एका पोराला उचलून, उलटं करून, त्याचं डोकं दगडावर हलकेच आपटायचं. हलकेच म्हणजे उचलणाऱ्याच्या मताने. पोराला शीव जन्मभर लक्षात राहावी म्हणून ही युक्ती. पुढे कधी तंटा झाला तर आपटलेल्या माणसाला बोलवायचं आणि त्याचा शब्द शेवटचा मानायचा. नकाशा काढणारा परगावचा असू शकतो, टेंगूळ गावचंच असतं. युद्ध आलं, माणसं गेली, आणि शीव चालायची पद्धत बंद पडली ती पडलीच. सगळे सोयीने ओढ्यालाच शीव म्हणू लागले.

पण शीव ओढा नव्हती. कधीकाळी गिरणीला पाणी हवं म्हणून ओढा वळवला होता, आणि जुन्या पात्राच्या खुणेचा एक दगड आमच्या बाजूला राहून गेला होता, गॉलपांच्या परसात. बेरिल सहा वर्षांची असताना तिला त्याच दगडावर आपटलं होतं. आयव्ही त्या दिवशी गोवर येऊन घरी पडली होती. नंतर पर्सीच्या बापाने घराला मागे पडवी काढली आणि पडवीवर निजायची खोली. दगड हलेना, म्हणून त्याला आतच घेतलं. आयव्हीच्या लग्नानंतर बेरिल पहिल्यांदा तिचं घर बघायला गेली तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात बुटांच्या मांडणीखाली तिला तो दिसला. आयव्हीने मोठ्या अभिमानाने वरची खोली दाखवली: हा माझा पलंग, ही माझी खिडकी, उशीवर डोकं ठेवलं की ओढा दिसतो. उशी कुठे पडते ते बेरिलने पाहिलं. छान उजेड आहे, एवढंच ती बोलली आणि चहा प्यायला खाली आली.

आणि मग उशीची गोष्ट. दर उन्हाळ्यात, सेंट पीटरच्या सणानंतरच्या शनिवारी, दोन गावांची ओढ्यावर रस्सीखेच होते. आठ माणसं या काठावर, आठ त्या काठावर, मध्ये पाणी. हरलेलं गाव भिजतं. जुन्या काळी दोन्ही बाजू लांबून आडदांड गडी आणून आपले म्हणून उभे करायच्या, त्यावरून डोकी फुटली, म्हणून नियम झाला: ज्याची उशी ज्या गावात, तो त्या गावाचा. दोर उचलण्याआधी पाद्री एकेकाला विचारतो, "उशी कुठे?" आणि तो गावाचं नाव सांगतो. पार्वाच्या दोराचं शेवटचं टोक कायम पर्सी गॉलपच्या कमरेला असायचं. पर्सी म्हणजे चालतंबोलतं कोठार. त्याला विचारलं की तो दरवर्षी एकच उत्तर द्यायचा, "घरी." सगळे हसायचे, पाद्रीही हसायचा आणि पुढच्याकडे वळायचा. तो पर्सीचा विनोद होता. त्याचा दुसरा कुठला विनोद आम्हाला माहीत नव्हता.

ही गोष्ट घडली त्या वर्षीच्या वसंतात दोन्ही गावांची मिळून सभा भरली. सभेचा अध्यक्ष डेस्मंड. त्याने मांडलं की मॅग्ना-पार्वाचा हा घोळ आता बंद करावा. आजारी माणूस पार्वात असतो आणि रुग्णवाहिका मॅग्नात जाऊन गाईंना प्रकाश दाखवते. तेव्हा दोन्ही मिळून एकच गाव करावं, नाव नुसतं ऑर्लकम, शेपूट कापून टाकावं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. गेली काही वर्षं रस्सीखेचीलाही मॅग्नाकडे माणसं पुरत नव्हती. उशीच्या नियमाकडे काणाडोळा करून आम्हीच दोन-तीन उसनी द्यायचो, आणि तीही पलीकडे जाऊन मनापासून ओढत नसत.

बेरिल मागच्या बाकावरून उठली. तिने भाषण केलं नाही. जे गाव आठ उशा दाखवू शकतं ते जिवंत आहे, एवढंच म्हणाली. सणाच्या शनिवारी मॅग्नाची आठ माणसं, मॅग्नाचीच, दोराला उभी राहिली तर हा विषय पुन्हा निघायचा नाही.

"आणि नाही राहिली तर?" डेस्मंडने विचारलं.

"तर आमची पाटी मी स्वतः उपटून तुझ्या दुकानात आणून ठेवीन. लोणच्याच्या बरण्यांखाली घाल."

हात वर झाले. शब्द पक्का झाला. बाहेर पडताना आयव्ही तिला म्हणाली की तुझी जीभ तुझ्या गावापेक्षा मोठी आहे. बेरिल मनात घरं मोजत होती.

मोजून आठ भरले, अगदी काठोकाठ. डेअरीवाला हॅन्सफर्ड, त्याची बायको, त्यांचे दोन थोराड मुलगे. जुन्या शाळेच्या इमारतीत राहायला आलेलं लंडनचं निवृत्त जोडपं, त्यातले गृहस्थ आयुष्यभर पियानो शिकवत आलेले. सातवी बेरिल. आठवा म्हातारा स्क्विब, जो चर्चमधल्या कबरी खणायचा आणि दोन्ही गावांत सर्वांत वयस्क होता. रोज संध्याकाळी ही मंडळी चर्चच्या आवारातल्या जुनाट यू झाडाला दोर बांधून ओढायची. पियानोवाले हातात लोकरीचे मोजे घालून यायचे. आम्ही पुलावर उभं राहून बघायचो आणि झाडाला शाबासकी द्यायचो. झाड एकदाही हरलं नाही, पण हळूहळू त्या आठांचे पाय एका तालात पडायला लागले, आणि आमचं हसू जरा कमी झालं.

सणाला आठवडा राहिला असताना स्क्विब चेरी उतरवायला शिडीवर चढला आणि चेरीच्या आधी स्वतः उतरला. घोट्याला प्लास्टर. मला हातगाडीत बसवा, मी बसून ओढतो, असं त्याने सुचवून पाहिलं. पण पाय जमिनीला हवेत, हा नियम त्याच्याच आजोबांनी केलेला होता.

मॅग्नात दुसरं कुणीच नव्हतं. एक तान्हं मूल होतं आणि त्याची आई होती, तिला डॉक्टरने जड उचलू नको म्हणून सांगितलेलं. त्या आठवड्यात बेरिल दुकानात यायची ती पाटीला एकदाच थोपटून. डेस्मंडने ते पाहिलं आणि तिला काही बोलला नाही. उलट आदल्या दिवशी त्याने स्वतःहून विचारलं, सण पुढे ढकलू का? बेरिल म्हणाली, सेंट पीटरला विचारून बघ.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ती आयव्हीकडे गेली. हे मला आयव्हीनेच नंतर सांगितलं. आयव्ही पार्वाच्या आठ हिरव्या सदऱ्यांना इस्त्री करत होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि त्यातून मागची पडवी दिसत होती, बुटांची मांडणी, त्याखालचा कोपरा. बेरिल बराच वेळ तिकडे बघत बसली. आयव्हीला वाटलं, हिला उद्याची काळजी लागलीय. समजूत काढायची म्हणून ती म्हणाली, नाव गेलं तर गेलं, एवढं काय, आणि मग तिलाच ते बरं वाटेना. ती इस्त्री खाली ठेवून म्हणाली, "तुला नाही कळायचं. तुला सगळं पहिल्यांदाच मिळालं. मला हे एवढंच माझं म्हणून मिळालं, पार्वा."

बेरिलने चहा संपवला. पर्सीच्या सदऱ्याची कॉलर नीट झाली नाहीये, असं सांगितलं आणि घरी गेली.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. ओढ्याच्या दोन्ही काठांवर सतरंज्या, सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे जग, डुकराचं मांस भरलेल्या भाजक्या कचोऱ्या, छत्र्यांखाली म्हाताऱ्या. स्क्विबला खुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि त्याचा प्लास्टरचा पाय एका टोपलीवर ठेवला होता. पाद्रीबाई नव्या होत्या, मागच्याच हिवाळ्यात आलेल्या. दोन्ही गावांच्या चालीरीती त्यांनी लिहून घेऊन पाठ केल्या होत्या आणि सगळं बिनचूक करायचं असा त्यांचा निर्धार होता.

त्यांनी आधी मॅग्नाकडे जाऊन विचारलं. उशी कुठे? हॅन्सफर्ड म्हणाला मॅग्नात. त्याची बायको, मुलगे, लंडनचं जोडपं, सगळे म्हणाले मॅग्नात. बेरिलने सांगितलं, मॅग्नात. मग पाद्रीबाई तिच्या पुढच्या रिकाम्या जागेपाशी थांबल्या.

आठवा कोण, असं त्यांनी विचारलं. बेरिलने ओढ्यापलीकडे पाहिलं. पर्सी दोराचं टोक हातात घेऊन उभा होता. त्याच्याशेजारी आयव्ही त्याची कॉलर सारखी करत होती.

"आठवा नाही," बेरिल म्हणाली.

कुणी ओरडलं नाही. आमच्या बाजूने एकानेही टाळी वाजवली नाही. जिंकल्याचा आवाज असा असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. डेस्मंडने टोपी काढून परत घातली. पाद्रीबाईंनी मात्र, यादीत पुढचं जे होतं ते केलं. पूल ओलांडून इकडे आल्या आणि पार्वाच्या माणसांना विचारू लागल्या. उशी कुठे? पार्वात. उशी कुठे? पार्वात. शेवटी पर्सी.

"घरी," पर्सी म्हणाला.

सवयीने दोघे-चौघे हसले. पाद्रीबाई हसल्या नाहीत. त्यांना ठाऊक नव्हतं की इथे हसून पुढे जायचं असतं. त्या म्हणाल्या, "घरी म्हणजे कुठल्या गावात, मिस्टर गॉलप?"

पर्सीने टोपी काढली. टाळूवर एका जागी बोट फिरवलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "पाद्रीबाई, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"मग मी विचारते."

"पाय पार्वात असतात," पर्सी म्हणाला. "उशी मॅग्नात."

डेस्मंडने त्याला आठवण करून दिली की सायडर खेळ झाल्यावर प्यायची असते. पर्सी शांतपणे सांगू लागला. शिवेचा दगड त्याच्या पडवीत आहे. लहानपणी त्याला त्या दगडावर आपटलं होतं, पार्वाच्या बाजूने. पडवीवरच्या खोलीत पलंग आडवा आहे आणि दगडाची रेघ साधारण त्याच्या बरगड्यांखालून जाते. खोटं बोलायचं नाही म्हणून तो इतकी वर्षं घरी म्हणत आला. लोक हसले तर तो काय करणार?

"शीव म्हणजे ओढा," डेस्मंड म्हणाला. "लहान पोराला विचार, ते सांगेल."

"लहान पोरालाच ठाऊक होतं," पर्सी म्हणाला. "डोकं त्याचं होतं."

तेव्हा खुर्चीतून स्क्विबने हात वर केला. एका टेंगळावर शीव ठरत नाही, तो म्हणाला. दोन लागतात, दोन्ही गावांचं एकेक. मॅग्नाच्या बाजूने त्या दगडावर कुणाला आपटलं होतं ते त्याला चांगलं आठवत होतं, कारण पाय धरून उलटं त्यानेच केलं होतं. त्याने नाव घेतलं नाही. नुसतं बोट केलं.

सगळे बेरिलकडे वळले. पाद्रीबाई पुलाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, आणि ओढ्याच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने त्यांनी विचारलं, मिसेस सॅमवेज, हे खरं आहे का?

बेरिलने नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. आठवा माणूस, आणि तोही पर्सी, तिच्या दोराला आला असता. नाव राहिलं असतं. ती आयव्हीकडे बघत होती. आयव्हीच्या हातात अजून पर्सीच्या सदऱ्याची बाही होती, हिरवी, कडक इस्त्रीची.

"मला काही आठवत नाही," बेरिल म्हणाली. "मी लहान होते."

मग आयव्हीने ती बाही सोडली आणि पुलावर आली. पाद्रीबाईंना जरा बाजूला सारून ती बहिणीसमोर उभी राहिली.

"तुला आठवत नाही? माझ्या बाहुलीचा पाय कुणी मोडला ते आठवतं. मी शाळेत कुठल्या गणिताला रडले ते आठवतं. माझ्या लग्नातला केक कोरडा होता हे तू दर नाताळला सांगतेस."

"कोरडा होताच तो," बेरिल म्हणाली.

"तुला ठाऊक होतं. माझी खोली बघायला आलीस तेव्हाच ठाऊक होतं." आयव्हीचा आवाज खाली आला होता. पुलाजवळ उभ्या असलेल्यांनाच तो ऐकू गेला. "आणि काल माझ्याकडे चहा पिऊन उठून गेलीस."

अंडं उजेडाकडे धरावं तसं आयव्ही तिच्याकडे पाहत राहिली. हे बघणं तिनेही बहिणीकडूनच उचललं असणार.

"खरं ते सांगून टाक," आयव्ही म्हणाली. "मी काही ओढ्यातून वाहून जात नाही. आणि उद्या तुझी पाटी गेली म्हणून तुझं पडलेलं तोंड मला बघायचं नाहीये."

बेरिलने पदराने पुसावा तसा ॲप्रनच्या टोकाने चेहरा पुसला. मग पाद्रीबाईंना म्हणाली, "दगड पडवीत आहे. बुटांच्या मांडणीखाली. मला त्यावर आपटलं तेव्हा एक दात पडला. पडायला आलेलाच होता म्हणा, पण स्क्विबने माफी मागायला हरकत नव्हती."

स्क्विबने खुर्चीतून टोपी उचलली आणि माफी मागितली.

पर्सीने हिरवा सदरा अंगातून काढला, नीट घडी करून आयव्हीच्या हातात दिला आणि बनियनवर पूल ओलांडून गेला. आमच्या बाजूला एक जागा रिकामी झाली. तिथे डेस्मंडला उभं राहावं लागलं. सदरा त्याला गुडघ्यापर्यंत आला.

मॅग्ना हरलं. हे सांगायला हवं, कारण बाहेरचे लोक ही गोष्ट सांगताना ते जिंकले असं सांगतात. सुरुवातीला पर्सीच्या वजनाने दोर त्यांच्याकडे सरकला, डेस्मंड काठापर्यंत घसरत आला, आणि पार्वाच्या बायका किंचाळायला लागल्या. मग पियानोवाल्यांचा लोकरीचा मोजा ओल्या दोरावरून सटकला, ते हॅन्सफर्डच्या बायकोवर पडले, ती मुलांवर, आणि सगळं मॅग्ना एकामागून एक ओढ्यात उतरलं. शेवटी पर्सी. तो पाण्यात बसला तेव्हा ओढ्याला क्षणभर कुठून वाट काढावी ते सुचेना. बेरिल त्याच्या पाठीला धरून उठली. केस चेहऱ्याला चिकटलेले, एक बूट गेलेला. अशी हसत होती की काठावरचे आम्हीही हरल्यासारखे हसत सुटलो. आठ उशा उभ्या राहिल्या होत्या. ओढण्यात जिंकायचं असं सभेत कुणीच म्हटलं नव्हतं.

आयव्ही पुलावरच होती. दोर ताणला तेव्हा ती दोन्ही काठांकडे आळीपाळीने बघत होती आणि तिच्या तोंडून कुणाचंच नाव निघालं नव्हतं. शेवटी ती खाली उतरली आणि बहिणीला हात देऊन वर ओढताना म्हणाली, ओढायचंही नीट जमलं नाही तुम्हाला. बेरिलने विचारलं, तुम्हाला म्हणजे कुणाला? आयव्हीने बहिणीच्या चेहऱ्यावरचे ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "आपल्याला. झालं समाधान?"

डेस्मंडने शब्द पाळला. शेपटांचा विषय पुन्हा निघाला नाही. रुग्णवाहिका अजूनही एखाद्या वेळी गाईंकडे जाते. आयव्हीने महिनाभर पर्सीशी अबोला धरला, म्हणजे स्वयंपाकघरात. तिथे पार्वा होतं. वरच्या खोलीत ती त्याच्याशी बोलायची, कारण तिथे त्याची चूक नव्हती, असा तिचा हिशोब. पुढे तिने दोन्ही गावांत हक्क सांगितला: रांधते पार्वात, निजते मॅग्नात. बायकांच्या शिवणाच्या मंडळात ती आमच्याकडून असायची आणि चर्चच्या फुलांच्या पाळीत त्यांच्याकडून, आणि दोन्हीकडे दुसऱ्या गावाची उदाहरणं द्यायची.

मॅग्नाची सभा बेरिलच्या स्वयंपाकघरात भरायची, दुसरी जागाच नव्हती. आता तिथे पर्सी आणि आयव्हीसाठी दोन खुर्च्या वाढल्या. पर्सी बसून डुलक्या घ्यायचा. आयव्ही बेरिलच्या प्रत्येक ठरावाला विरोध करायची. कुंपण छाटायचं म्हटलं तर वाढू द्या, वाढू द्या म्हटलं तर छाटा. बेरिल तो विरोध वहीत लिहून घ्यायची आणि मग दोघी सभा संपल्यावर उशिरापर्यंत बसायच्या. गल्लीतून जाताना त्यांचा आवाज ऐकू यायचा. भांडताहेत की बोलताहेत ते बाहेरून कळत नसे. अशी सहा-सात वर्षं गेली. रस्सीखेचीत मॅग्ना एकदा जिंकलंसुद्धा, पर्सीच्या शेवटच्या वर्षी. त्याच हिवाळ्यात तो गेला, झोपेत, म्हणजे मॅग्नात.

बेरिल गेली ती त्यानंतरच्या सप्टेंबरात. आदल्या संध्याकाळी सभा झाली होती, चर्चच्या फाटकाच्या रंगाबद्दल. आयव्हीने हिरव्याचा आग्रह धरला आणि ती हरली. निघताना तिने परसातल्या घेवड्याच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली, दर वेळी ठेवायची तशी. बेरिल तिला फाटकापर्यंत सोडायला आली. सकाळी ती दुकानात आली नाही तेव्हा डेस्मंड दुकान उघडं टाकून पूल ओलांडून गेला. ती खुर्चीत होती, पाय स्टुलावर, चष्मा डोळ्यांवरच.

दफन झाल्यावर पाद्रीबाईंनी आयव्हीला विचारलं, शेवटी काही बोलली का ती? त्यांना काहीतरी जपून ठेवण्यासारखं हवं असावं. आयव्हीने आठवून पाहिलं. फाटकाशी उभी राहून बेरिल म्हणाली होती, "आणि हे बघ, आता आणखी शेंगा आणू नकोस. मागच्याच अजून संपल्या नाहीत."